लाखेच्या तबकडीतला जॅझ

एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकेच्या युद्ध उत्पादन मंडळाने हुकूम काढला, की ग्रामोफोन रेकॉर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी करावा. अमेरिकेत लाख होत नाही. ती हिंदुस्थानातून जहाजाने जायची, आणि जपान युद्धात उतरल्यापासून तो समुद्र धोक्याचा झाला होता. हाताशी असलेला साठा लष्कराला हवा होता. मग न्यूयॉर्क-शिकागोच्या कंपन्या लोकांकडून जुन्या, फुटक्या रेकॉर्डी विकत घेऊन, त्या दळून पुन्हा वापरू लागल्या. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, बिली हॉलिडे ही नावं ज्या काळ्या तबकड्यांवर छापली जात होती, त्या तबकड्यांचा जीव छोटा नागपूर आणि छत्तीसगडच्या रानांत होता.

भिलाईत राहून जॅझच्या जुन्या रेकॉर्डी ऐकणाऱ्याला ही गोष्ट माहीत असायला हवी, असं मला फार वाटतं. पोलाद कारखान्याच्या या गावातून कांकेरकडे किंवा कोरब्याकडे निघालं, की पळस, कुसुम आणि बोर ही तिन्ही झाडं वाटेत भेटतात. इथला माणूस पळसाला परसा आणि बोराला बोईर म्हणतो. लाखेचा किडा या तीन झाडांवर सगळ्यात चांगला पोसला जातो. डोळ्यांना जेमतेम दिसणारी त्याची पिल्लं कोवळ्या फांदीवर दाटीने बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच तयार करतात. फांद्या तोडायच्या, कवच खरवडून काढायचं, कुटायचं, धुवायचं, की दाणेदार लाख मिळते. ती लांब कापडी पिशवीत भरून भट्टीपुढे पिळत पिळत वितळवायची आणि गरम असतानाच ताणून तिचा पातळ पापुद्रा काढायचा. गार झाल्यावर त्या पापुद्र्याचे तुकडे होतात. सुतार ज्याला चपडा लाख म्हणतो, तो हाच माल. आजही देशातल्या लाखेत झारखंड आणि छत्तीसगड ही दोन राज्यं सगळ्यात पुढे आहेत.

रेकॉर्डीला लाखच का लागायची? लाख तापवली की मऊ होते, साच्यातल्या केसाएवढ्या बारीक चरांत शिरते आणि गार झाली की कडक होऊन तो आकार जसाच्या तसा धरून ठेवते. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीचा ग्रामोफोन केला तेव्हा त्याने इतर पदार्थ वापरून पाहिले. १८९०च्या दशकात तो लाखेपाशी येऊन थांबला आणि पुढची पन्नास वर्षं सगळं जग तिथेच थांबलं. अर्थात तबकडी नुसत्या लाखेची नसे. साधारण एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी लाख, बाकी दगडाची भुकटी, थोडे कापसाचे तंतू आणि रंगासाठी काजळी. ही भुकटी मुद्दाम घातलेली होती. पोलादी सुई काही फेऱ्यांतच त्या भुकटीवर घासून चराच्या मापाची व्हावी, म्हणून. त्यामुळे प्रत्येक बाजूला नवी सुई लावावी लागे. जुन्या रेकॉर्डीत गाण्याच्या मागे जी अखंड खरखर ऐकू येते, तिच्यात या दगडाच्या भुकटीचा आवाज मोठा आहे. कलकत्त्यात सियालदहला १९०८ मध्ये रेकॉर्डीचा कारखाना सुरू झाला आणि नंतर तो दमदमला गेला. लाखेच्या प्रदेशातून कलकत्त्याला जाणारी बंगाल-नागपूर रेल्वेची वाट भिलाईवरूनही जात होती.

या पदार्थाने आणि या यंत्राने जॅझला आकार दिला. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावतात. बारा इंचीवर चार-साडेचार. नाचाच्या ठिकाणी वाजवणारे तेच वादक एकच धून दहा-पंधरा मिनिटं खेळवत असत, पण रेकॉर्डसाठी सगळं तीन मिनिटांत बसवायचं. आपल्याकडे हेच घडलं. गौहरजानने १९०२ मध्ये कलकत्त्यात आपल्या पहिल्या रेकॉर्डी दिल्या. त्यानंतर अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर या सगळ्यांनी रागाचं रूप तीन मिनिटांत उभं करण्याची वेगळी विद्या कमावली. म्हणून जुनी नाट्यपदं आणि ख्याल ७८ च्या रेकॉर्डीवर ऐकून वाढलेल्या मराठी कानाला जॅझच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी समजायला जड जाऊ नयेत. रचना पाठ आहे, तिच्या चौकटीत कलावंताने काय सुचवलं ते पाहायचं, ही सवय आपल्याला आहेच.

पहिली जॅझ रेकॉर्ड म्हणून जिचं नाव घेतात ती ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडची ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’. ती न्यूयॉर्कमध्ये २६ फेब्रुवारी १९१७ रोजी मुद्रित झाली. वादक सगळे गोरे होते. ज्या न्यू ऑर्लीन्सच्या कृष्णवर्णीयांनी हे संगीत घडवलं, त्यांचा आवाज नीट ऐकायला १९२३ उजाडावं लागलं. त्या वर्षी इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत किंग ऑलिव्हरचा बँड आला, आणि त्यात दुसरा कॉर्नेट वाजवणारा तरुण होता लुई आर्मस्ट्राँग. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. सगळे एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवत. ज्याचा आवाज मोठा तो मागे. आर्मस्ट्राँगला इतरांपेक्षा बराच लांब उभं करावं लागलं, असं सांगतात. स्टुडिओच्या शेजारून रेल्वेचा रूळ जात होता, गाडी आली की मुद्रण थांबवावं लागे. ढोलाच्या दणक्याने सुई चरातून उडेल म्हणून ड्रम वाजवणाऱ्याला हात आखडते घ्यावे लागत. त्यामुळे १९२५ च्या आधीच्या रेकॉर्डी ऐकताना ड्रम दुबळे वाटले, तर दोष वादकाचा मानू नये.

१९२५ मध्ये विजेवरचं मुद्रण आलं, मायक्रोफोन आला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ची पहिली बैठक शिकागोत झाली. या मालिकेतली २८ जून १९२८ ची ‘वेस्ट एंड ब्लूज’ मी कोणाही नवख्याच्या हातात आधी देईन. सुरुवातीला साथ नाही, लय नाही, नुसता ट्रंपेट काही सेकंद आकाशात चढून उतरतो. मैफलीत तानपुऱ्यावर गवयाने पहिला आलाप घेताच सगळे सावरून बसतात, तसं इथेही होतं. दुसरी द्यावी ती कोलमन हॉकिन्सची ‘बॉडी अँड सोल’, ११ ऑक्टोबर १९३९ ची. लोकांना तोंडपाठ असलेलं प्रेमगीत आहे, पण हॉकिन्सचा सॅक्सोफोन सुरुवातीच्या थोड्या मात्रा सोडल्या तर मूळ चालीकडे वळतच नाही. फक्त तिच्यामागचे स्वरसमूह धरून तो दोन आवर्तनं नवीनच काही रचत जातो. आणि ती रेकॉर्ड बाजारात भरपूर खपली. तीन मिनिटांच्या मर्यादेत इतकं स्वातंत्र्य घेता येतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

एलिंग्टनला मात्र ही चौकट फार लवकर अपुरी पडली. १९३५ मध्ये आईच्या निधनानंतर त्याने केलेली ‘रेमिनिसिंग इन टेंपो’ ही रचना रेकॉर्डीच्या चार बाजूंवर तोडून टाकावी लागली. बेनी गुडमनची १९३७ ची ‘सिंग, सिंग, सिंग’ बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजूंवर गेली. ऐकणाऱ्याने मध्येच उठून तबकडी उलटायची. संगीत यंत्राच्या पुढे निघून गेलं होतं.

सुमारे साडेतीन मिनिटांच्या अशाच एका रेकॉर्डीला फार लांबचा प्रवास घडला. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ आणि आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट सेव्हन’ची १९२७ ची ‘मेलँकली ब्लूज’ ही दोन्ही मुद्रणं १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर एकत्र आहेत.

गोव्याचं नाव निघालंच आहे, तर मुंबईकडे वळायला हवं, कारण जॅझ आपल्याकडे नुसता रेकॉर्डीतून आला नाही. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. स्मिथने १९१०च्या दशकात जेम्स रीझ युरोपच्या वाद्यवृंदाबरोबर न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्डी दिलेल्या होत्या, म्हणजे जॅझचा जन्म पाहिलेला माणूस अपोलो बंदरावर वाजवत होता. १९३६ मध्ये त्याने मुंबईत मुद्रित केलेली ‘ताजमहाल’ ही फॉक्सट्रॉट धून पुढे नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ च्या पुस्तकाच्या नावात आली. मुंबईतल्या या काळाबद्दल वाचायचं असेल तर ते पुस्तक अवश्य मिळवा. वेदरफर्ड कलकत्त्याला गेला, १९४०च्या दशकात त्याने तिथे कोलंबिया कंपनीसाठी रेकॉर्डी दिल्या आणि १९४५ मध्ये पटकीने तिथेच गेला.

या अमेरिकन वादकांकडून शिकले ते बहुतेक गोवेकर. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जाई. गावोगावच्या मेस्त्रींच्या, म्हणजे संगीतशिक्षकांच्या, हाताखाली तयार झालेली ही पोरं मुंबईत येऊन धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहांत, उतरत आणि समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजवत. मिकी कोरिया यांनी १९३९ पासून १९६० पर्यंत ताजचा बँड चालवला. हळदोण्याचे अंतोनियो शाव्हियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेट वाजवू लागले आणि लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबईच्या नाचगाण्याच्या जागा ओस पडत गेल्या, तसे हे वादक मोठ्या संख्येने सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरले. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेटला सहायक घेतलं. भगवानदादांच्या ‘अलबेला’तलं (१९५१) ‘शोला जो भडके’ किंवा ‘आशा’तलं (१९५७) ‘ईना मीना डीका’ ज्यांनी ऐकलं आहे, त्यांनी स्विंगची लय ऐकलेलीच आहे, फक्त ती जॅझ म्हणून ओळखली नसेल. ‘आखरी खत’मध्ये (१९६६) ‘रुत जवां जवां’ या गाण्यात ट्रंपेट हातात घेतलेले चिक चॉकलेट पडद्यावर दिसतात. पुढच्याच वर्षी ते गेले. गाणं छापलेल्या रेकॉर्डीवर अशा वादकांची नावं सहसा नसत. हा अन्याय आहे आणि तो अजून पुरता भरून निघालेला नाही.

आता व्हायनलकडे, म्हणजे लाखेच्या जागी आलेल्या प्लॅस्टिककडे. १९४२ च्या लाखटंचाईने त्याची वाट मोकळी केली. सैनिकांसाठी १९४३ पासून अमेरिकन लष्कराने ‘व्ही-डिस्क’ नावाच्या रेकॉर्डी काढल्या. लाख मिळत नव्हती आणि लाखेची तबकडी जहाजाच्या प्रवासात फुटायची, म्हणून त्या प्लॅस्टिकच्या होत्या. याच काळात दुसरं एक संकट आलं. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने मानधनाच्या भांडणावरून मुद्रणावर बहिष्कार टाकला, आणि मोठ्या कंपन्यांपैकी शेवटच्या दोन १९४४ च्या नोव्हेंबरात नमल्या. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी बीबॉप ही जॅझची नवी शैली घडवत होते ती हीच वर्षं. त्यामुळे जॅझमधल्या सगळ्यात मोठ्या बदलाची सुरुवात रेकॉर्डीवर जवळजवळ नाहीच. १९४५ पासून ती एकदम तयार स्वरूपात ऐकू येते.

२१ जून १९४८ रोजी कोलंबियाने एलपी जाहीर केली. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, व्हायनलचा गुळगुळीत पृष्ठभाग, बारीक चर आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. ७८ च्या चरासाठी सुईचं टोक साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येचं लागे, एलपीसाठी २५ किंवा त्याहूनही कमी. वेग निम्म्याहून कमी आणि चर दाट, म्हणून वेळ वाढला. दगडाची भुकटी गेली, म्हणून खरखर गेली. संगीतावर याचा परिणाम काय झाला हे पाहायचं तर एलिंग्टनची ‘मूड इंडिगो’ दोनदा ऐका. १९३० ची तीन मिनिटांची, आणि डिसेंबर १९५० मध्ये ‘मास्टरपीसेस बाय एलिंग्टन’ या एलपीसाठी केलेली पंधरा मिनिटांची. दुसरीत तीच धून एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जाते, रंग बदलते, थांबते, पुन्हा वर येते. घाई कुठेच नाही. पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली ती जागा या माणसाला अखेर मिळाली, हे ऐकताना कळतं.

१९५९ हे एलपीवरच्या जॅझचं सुवर्णवर्ष मानतात. भिलाईकराला ते वर्ष वेगळ्या कारणाने पाठ असतं. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यानंतर चार आठवड्यांच्या आतच, २ मार्चला, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर चर्चची इमारत बदलून केलेल्या कोलंबियाच्या स्टुडिओत माइल्स डेव्हिसने ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बैठक घेतली. दुसरी २२ एप्रिलला झाली आणि ऑगस्टमध्ये एलपी बाजारात आली. भिलाई उभारायला आलेल्या सोव्हिएत तंत्रज्ञांच्या देशात त्याच सुमारास जॅझच्या आणि इतर नाकारलेल्या संगीताच्या चोरट्या रेकॉर्डी दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रे फिल्मवर कोरून विकल्या जात. गोल कापलेल्या फिल्मवर छातीच्या फासळ्या दिसत आणि सुई ठेवली की सॅक्सोफोन वाजे. संगीताची भूक माणसाला कुठवर नेते!

‘काइंड ऑफ ब्लू’ मराठी श्रोत्याने कशी ऐकावी, हे थोडं सविस्तर सांगतो. पहिली रचना ‘सो व्हॉट’ ज्या स्वरसप्तकावर आहे त्यात गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. बीबॉपमध्ये स्वरसमूह भराभर बदलत, वादकाला धावावं लागे. इथे डेव्हिसने सोळा मोजणीगट (जॅझमध्ये प्रत्येक गट चार मात्रांचा) एकाच थाटात ठेवले, पुढचे आठ तोच थाट अर्ध्या स्वराने वर चढवला, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ षड्जावर आणले. बत्तीस गटांचं एक आवर्तन झालं. प्रत्येक वादक याच आवर्तनावर आळीपाळीने आपली बढत करतो. दोनदा-तीनदा ऐकून तो अर्ध्या स्वराचा चढ पकडता आला, की सम सापडल्यासारखी होते आणि मग जॉन कोल्ट्रेन तीच जागा कशी भरतो, कॅननबॉल ॲडर्ली कशी, बिल इव्हान्सचा पियानो किती थोड्या स्वरांत बोलतो, हे आपोआप ऐकू येऊ लागतं.

या एलपीची एक गंमत अशी, की पहिल्या बैठकीत मुख्य टेप यंत्र किंचित मंद चालत होतं. त्यामुळे रेकॉर्ड वाजवली की पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळ स्वरापेक्षा किंचित चढ्या ऐकू येत. ही चूक १९९०च्या दशकातल्या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. म्हणजे तीस वर्षं सगळ्या जगाने, आणि तिच्याबरोबर पियानो वाजवून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी, चढा स्वर ऐकला. जुनी प्रत आणि नवी प्रत शेजारी ठेवून वाजवल्या तर कसलेल्या कानाला फरक कळतो.

डेव्ह ब्रूबेकची ‘टाइम आउट’ही १९५९ चीच. आदल्या वर्षी तो अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर पोलंड, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान, हिंदुस्थान असा फिरला होता. आपल्या वादकांची लय त्याने जवळून पाहिली, आणि ‘जॅझ इंप्रेशन्स ऑफ युरेशिया’ या एलपीत ‘कॅलकटा ब्लूज’ ही रचना घातली. ‘टाइम आउट’मधली ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांची, तीन आणि दोन अशी. ‘ब्लू राँडो’ नऊ मात्रांची, दोन-दोन-दोन-तीन अशी. ही लय त्याने तुर्कस्तानात ऐकली होती. अमेरिकन श्रोत्याला यात मोठं नवल वाटलं. झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीनवर टाळी देणाऱ्याला वाटणार नाही, पण अशा विषम मात्रांवर स्विंगचा झोका कसा टिकवला हे ऐकण्यासारखं आहे. एलिंग्टन १९६३ मध्ये आला आणि ‘फार ईस्ट स्वीट’मध्ये दिल्लीच्या मैनेवर आणि आग्ऱ्याच्या ताजवर रचना देऊन गेला. कोल्ट्रेनने १९६१ मध्ये ‘इंडिया’ नावाची रचना मुद्रित केली आणि मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं. मुंबईत वाढलेला गोवेकर गिटारवादक अमांसिओ डिसिल्व्हा याने लंडनला जाऊन १९६९ मध्ये जो हॅरियटबरोबर ‘हम दोनों’ ही एलपी केली. आज तिची मूळ प्रत मिळणं फार कठीण आहे. गोवा, मुंबई आणि जॅझ यांचं नातं एका रेकॉर्डीत ऐकायचं असेल तर माझी निवड हीच.

व्हायनलचा आवाज सीडीपेक्षा श्रेष्ठ असतो, हे मी म्हणणार नाही. मोजमापाने तसं ठरत नाही. एलपी ठरावीक गतीने फिरते, पण कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर चर सरकतो आणि लेबलाजवळ जेमतेम २० ते २५. म्हणून बाजूच्या शेवटच्या रचनेत झांजेचे आणि ट्रंपेटचे उंच स्वर थोडे चुरगळतात. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर चर फार रुंद होईल, म्हणून कोरताना खर्ज कमी आणि उंच स्वर जास्त करतात. वाजवताना फोनो प्रीॲम्प हे उलटं करून समतोल परत आणतो. १९५४ पासून या प्रमाणाचं एकच मानक ठरलं. त्यामुळे टर्नटेबल थेट साध्या स्पीकरला जोडला आणि आवाज पिचका आला, तर रेकॉर्डीला दोष देऊ नका, मध्ये प्रीॲम्प आहे का ते पाहा.

मग व्हायनलवर का ऐकायचं? कारण १९५० आणि ६० च्या दशकातला जॅझ एलपीची एक बाजू डोळ्यांपुढे ठेवून रचलेला आहे. न्यूजर्सीत डोळे तपासण्याचा व्यवसाय करणारा रूडी व्हॅन गेल्डर आई-वडिलांच्या दिवाणखान्यात मुद्रण करायचा. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला उंच छताचा स्टुडिओ बांधला. ब्लू नोट कंपनीच्या शेकडो एलपी त्याच्या हाताखालून गेल्या आणि चराच्या शेवटच्या मोकळ्या जागेत त्याच्या नावाची आद्याक्षरं आजही सापडतात. त्याच स्टुडिओत ९ डिसेंबर १९६४ रोजी कोल्ट्रेनने ‘अ लव्ह सुप्रीम’ मुद्रित केली. चार भाग, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या. तबकडी उलटताना मध्ये जी शांतता येते ती या रचनेला शोभते. फोनवर चारही भाग एकापाठोपाठ धावतात आणि पाचवं काहीतरी भलतंच सुरू होतं. शिवाय एलपी लावली की माणूस वीस मिनिटं बसतो. हातात कव्हर असतं, मागे वादकांची नावं आणि टिपण असतं, कोण कुठे वाजवतो हे समजून घेत ऐकता येतं. जॅझ पार्श्वभूमीला लावून ठेवण्याचं संगीत नाही.

भिलाईच्या हवेत रेकॉर्डी सांभाळण्याबद्दल दोन शब्द. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. व्हायनल त्याहून बऱ्याच वर मऊ होतं, पण उन्हात उभ्या मोटारीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत तेवढी उष्णता सहज होते आणि वाकलेली तबकडी पुन्हा सरळ होत नाही. रेकॉर्डी नेहमी उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, म्हणून भिंतीला टेकवून ठेवू नका. व्हायनल घासलं की त्यावर स्थिर वीज तयार होते आणि हवेतली धूळ ओढली जाते, आणि या गावाला धूळ काही कमी नाही. वाजवण्यापूर्वी कार्बन तंतूंच्या ब्रशने हलक्या हाताने पुसा, धुवायची तर शुद्ध पाण्याने आणि चराच्या दिशेने. आणि एक गोष्ट कधीही करू नका. ७८ ची लाखेची रेकॉर्ड स्पिरिटने पुसू नका. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच सुतार पॉलिश बनवतो. तीच लाख तबकडीतूनही विरघळेल आणि गाणं कायमचं जाईल. तसंच एलपीच्या सुईने ७८ वाजवू नका आणि ७८ च्या सुईने एलपी तर मुळीच नाही. त्या रुंद चरासाठी वेगळी सुई मिळते, ती घ्या.

रेकॉर्डी कुठे मिळतील? मुंबईच्या काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ मध्ये बंद झालं. पण चोरबाजारात आणि कलकत्त्याच्या फ्री स्कूल स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्डींची दुकानं आहेत, आणि भिलाई नेमकी मुंबई-हावडा मार्गावर असल्यामुळे दोन्हीकडे जाणारी गाडी इथूनच मिळते. नव्याने छापलेल्या जॅझ एलपी घरबसल्या मागवता येतात.

त्याआधी आपापल्या घरात बघा. रेल्वेत, पोलाद कारखान्यात, खाणींत नोकरी केलेल्या कितीतरी मराठी आणि गोवेकर कुटुंबांच्या माळ्यावर ७८ च्या रेकॉर्डींच्या पेट्या अजून पडून आहेत. हिंदुस्थानात या रेकॉर्डी इतर देशांपेक्षा जास्त काळ निघत राहिल्या. १९६०च्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा इथे ७८ वर आली होती. त्या पेट्यांत नाट्यपदांच्या खाली एखाद्या लेबलावर क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड किंवा चिक चॉकलेट हे नाव दिसलं, तर ती रेकॉर्ड भंगारात देऊ नका. मुंबई-कलकत्त्याच्या त्या वाद्यवृंदांची फार थोडी मुद्रणं उरली आहेत. तुमच्याकडची प्रत नीट झाकून ठेवा, जाणत्याकडून तिची डिजिटल नक्कल करून घ्या आणि ती इतरांनाही ऐकू द्या.